फक्त प्रौढांसाठी

माझा आवाज एके काळी केवढा मोठा होता हे आज सांगून कुणाला पटायचं नाही. हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला आमचं गाव. मी बांधावर उभा राहून आमच्या बैलांना 'हो' म्हटलं की सेलूच्या बाजारात चालते बैल थांबत, आणि त्यांचे मालक बैल हाकायची तुतारी हातात घेऊन इकडेतिकडे बघत राहत. एकदा रानात वाघ आडवा आला. मी फक्त "अबे!" म्हणालो. तो वाघ पुढची तीन वर्षं नागपूरच्या बाजूला राहिला. जंगल खात्यानं याची नोंद ठेवली नाही, कारण त्यांच्या लोकांना त्या दिवशी वाघापेक्षा मी जास्त हवा होतो. खांद्यावर सागाचा ओंडका होता ना.

असल्या आवाजाला शेतीत काय काम? मॅट्रिक तिसऱ्या खेपेला झालो आणि वर्धेला आलो. तिथे एका रेकॉर्ड डान्सच्या पार्टीत मला भोंग्यावर घेतलं. तेव्हाचा रेकॉर्ड डान्स म्हणजे काय, तर चार कनाती, मधे फळ्यांचं स्टेज, एका कोपऱ्यात तबकडी फिरवायचं यंत्र, आणि सिनेमाच्या गाण्यावर नाचणाऱ्या चार बाया. बघायला सगळे पुरुष. जत्रा असो, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, आमचा तंबू लागायचा. मालक स्वतःला 'संचालक' म्हणवून घ्यायचा आणि पार्टीला 'कला मंडळ'. मंडळाचं मुख्यालय म्हणजे वर्धेजवळच्या नालवाडीच्या पलीकडची एक टिनाची शेड.

सायकल रिक्षात बसून गावभर ओरडायचं आणि बायांना नावं द्यायची, हे माझं काम. पुलगावची एक होती, तिशीची, तिचा बाप तिथल्याच कापडाच्या मिलमध्ये होता. तिला मी 'बंबईची बिजली' केलं. आर्वीची एक तिच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी, ती 'कलकत्त्याची नागीण'. उरलेल्या दोघी हिंगणघाटच्या सख्ख्या जावा. त्यांना मी 'काश्मीरच्या जुळ्या बहिणी' म्हणून पुकारायचो. बदनेऱ्याच्या पुढे यांच्यातली कुणी गेली नव्हती. आपसात मात्र आम्ही गावावरूनच हाक मारायचो. पुलगाववाली, आर्वीवाली.

बाहेरचे लोक आमच्या बायांना काय म्हणत ते मी लिहीत नाही. त्या स्वतःला काय म्हणत, ती गंमत न्यारी होती. आर्वीवाली कधी काळी लावणीच्या फडात दोन हंगाम काढून आलेली. ती म्हणे, "मी लावनीवाली होय. या रेकॉर्डवाल्याइत मले मोजू नोका." दोघी जावा म्हणत, "आमी आरटिस होवो." आर्टिस्ट. हा शब्द त्यांना संचालकानं दिला होता आणि तो त्या ठेवणीतल्या लुगड्यासारखा वापरत. पाहुणे आले की काढायचा. तिघींनाही दुसऱ्या एका तंबूतल्या बाया खालच्या वाटत, आणि त्या तंबूतल्या बायांना आमच्या. प्रत्येकीला आपल्या खाली एक पायरी लागायची. ती नसली की त्या ती बांधून घेत.

पुलगाववाली या भानगडीत पडत नसे. आमच्याकडे बायाही 'मी जातो, मी करतो' म्हणतात, तशी ती सरळ म्हणायची, "मी नाचतो. नाचनारी होय मी."

"कलाकार म्हन ना बापा," मी एकदा म्हणालो. "वजन पडते."

"काऊन? रोट्या करनारीले रोट्या करनारी म्हनते ना लोक? कलाकार म्हटलं की तोंडाकडे पाहून हासते. नाचनारी म्हटलं की पायाकडे पायते. पाय पायले तर पाहू दे, पाय माहे चांगले हायेत." आणि मग माझ्याकडे बोट करून, "तू आपलं सांग. तू कोन होय रे?"

मी कोण? मी अनाउन्सर होतो, प्रचार अधिकारी होतो, मंडळाचा सचिव होतो. तिनं तिथल्या तिथे निकाल दिला. "भोंगेवाला."

आता तो शब्द, ज्यानं पुढचं सगळं केलं. आमच्या तंबूबाहेर एक पाटी लागायची : 'फक्त प्रौढांसाठी'. ती रंगवणारा पेंटर वर्धेचा. त्या दिवसांत सरकारनं प्रौढ शिक्षणाचं मोठं काम काढलं होतं. गावोगाव भिंती रंगत होत्या आणि त्या रंगवायलाही हाच पेंटर. 'प्रौढ' ही अक्षरं काढायला अवघड, म्हणून त्यानं पत्रा कापून एकदाच छाप करून ठेवला होता. त्याच छापानं सकाळी तो शाळेची भिंत रंगवायचा, दुपारी आमची पाटी. छापाला खाली एक कंदील आणि एक पाटी-पेन्सिल जोडलेली होती, ती त्यानं काही तोडली नाही. त्यामुळे आमच्या बंबईच्या बिजलीच्या तंबूवर कंदील आणि पाटी-पेन्सिल! एका गावी सत्तर वर्षांचे एक आजोबा खरंच पाटी घेऊन आले. पहिल्या रांगेत बसले. तीन खेळ पाहिले. जाताना मला म्हणाले, "गुरुजी, काई अक्षर आलं नाई, पन मन लागलं. उद्या किती वाजता?"

ही गोष्ट मी शंभर ठिकाणी सांगितली आहे आणि दर वेळी आजोबांचं वय पाच वर्षांनी वाढवलं आहे. पण वडिलांना सांगताना मी त्यातला तंबू काढून टाकला. वडिलांनी विचारलं, वर्धेले काय करतं? मी म्हणालो, "प्रौढांचं काम हाय, बुवा." एवढंच. खोटं एक अक्षर नाही. पुढचं वडिलांनी केलं. ते गावात सांगू लागले, पोरगा प्रौढ शिक्षणात लागला. आठ दिवसांत मी मास्तर झालो. गावी गेलो की लोक टोपी सारखी करून "काय गुरुजी" म्हणत. मला ते आवडायला लागलं. खिशाला पेन लावायला लागलो.

मग स्थळ आलं. मुलीचे वडील एका तालुक्याच्या गावी शाळेत मास्तर. गावाचं नाव मी घेत नाही, घ्यायची हिंमत नाही. शिकलेलं, नोकरदार घर. जावई प्रौढ शिक्षणात आहे म्हणूनच त्यांनी आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरात पोरगी द्यायचं ठरवलं. साक्षगंध झालं. मी तंबूत पेढे वाटले. पुलगाववालीनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, "तिले सांगतलं का, तू काय करतं थे?"

"सांगीन."

"लग्नाच्या आंधी सांगजो. मागून सांगतलं तं बाईले आयुष्यभर चुप राहा लागते."

मी हसण्यावारी नेलं.

साक्षगंधाला दोन महिने झाले नसतील, आमचा तंबू नेमका त्याच गावच्या जत्रेत लागला. मी संचालकाला म्हणालो, मी इथे भोंगा घेऊन फिरणार नाही, घसा बसला आहे. माझा घसा! तो बसला असता तर धरणाचं पाणी उतरलं असतं. पण त्यानं मानलं. मी धुतलेला पायजमा, सदरा, खिशाला पेन असा तंबूपासून जरा लांब चहाच्या दुकानात बसून राहिलो. सासरचं कुणी दिसलं तर जत्रा पाहायला आलो म्हणायचं ठरवलं होतं.

दुपारी चारचा खेळ सुरू होणार तोच पोलीस आले. ठाण्यावर नवे साहेब आले होते आणि नव्या साहेबांना उत्साह होता. संचालक कनातीखालून गेला तो गेलाच. तबकडीचं यंत्र छातीशी धरून पळताना दिसला, बाया तिथेच. चौघींना स्टेजसमोर खाली बसवलं. गर्दी जमली. मी ऐंशी हातांवर उभा. मला तिथून निघून जाता आलं असतं, पण पाय निघेना. तेवढ्यात हवालदाराची नजर माझ्या पेनावर पडली.

"काय करता जी तुमी?"

गर्दीत दोन माणसं सासऱ्यांच्या आळीतली होती. मी म्हणालो, "प्रौढ शिक्षण."

"वा! गुरुजी होय का? या, या. पंच पायजे मले. चांगला मानूस भेटत नाई इथं." आणि त्यानं मला दंडाला धरून आत नेलं.

पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित माणसं लागतात. दुसरा प्रतिष्ठित माणूस एक किराणा दुकानदार होता. बाराच्या खेळाला तो आत शिरताना मी चहाच्या दुकानातून पाहिला होता. मी त्याला पाहिलं, त्यानं मला पाहिलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

इथून पुढे मला काही वाढवून सांगता येत नाही.

आर्वीवालीनं मला पाहिलं आणि तिचं तोंड उघडलं. 'अरे भोंगेवाल्या' असंच ती म्हणणार होती. पुलगाववालीनं तिचा हात दाबला. माझा सदरा पाहिला, पेन पाहिलं, गर्दीतल्या त्या दोन माणसांकडे मी चोरून बघत होतो तेही पाहिलं. सगळं तिच्या ध्यानात आलं. मोठ्यानं म्हणाली, "चुप वो. थे मास्तर होय. मास्तर लोकाइसमोर आवाज करू नोका."

हवालदार लिहीत बसला. तंबू इतका लांब, इतका रुंद. घुंगरांचे जोड चार. आरसा एक, फुटलेला. मग बायांचे जबाब. नाव, वय, राहणार. आणि धंदा. त्यानं विचारलं नाही. चौघींपुढे एकच शब्द लिहिला : वेश्याव्यवसाय. चार वेळा, सारख्या अक्षरात, जसं वाणी चार पुड्यांवर एकच नाव टाकतो.

"आता वाचून दाखवा गुरुजी," तो म्हणाला. "खाली लिवा लागते, वाचून दाखवला, बरोबर आहे म्हनून. तुमचा आवाज तं खनखनीत दिसते."

मी कागद हातात घेतला. अक्षर सुवाच्य होतं. मी वाचायला लागलो. तंबू वाचला, घुंगरू वाचले, आरसा वाचला. तिच्या नावाशी आलो. पुलगाववाली माझ्याकडे बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "धंदा काय लिवला हाय आमचा? आमाले वाचता येत नाई."

मी दहा वर्षं लोकांना पुलगावची बंबईची म्हणून वाचून दाखवत आलो होतो. जीभ आपोआप वळली. मी म्हणालो, "नाचणारी."

"चौघींचा?"

"चौघींचा."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "खरं लिवलं."

हवालदारानं ऐकलं. मिशीत हसला. अंगठे बिनबोभाट उठले तर त्याला हवेच होते. चौघींनी अंगठे दिले. आर्वीवाली कुरकुरली की माझ्यापुढे लावणीवाली लिहायला पाहिजे होतं. त्याखाली मी सही केली. सहीखाली हवालदारानं सांगितलं तसं लिहिलं, 'शिक्षक, प्रौढ शिक्षण'.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत असे की बाईला चार लोकांत तो शब्द ऐकावा लागू नये म्हणून मी तसं वाचलं. दया केली. दया कसली? खरं वाचलं असतं तर ती उठून उभी राहिली असती. तिच्या आवाजापुढे माझा आवाज म्हणजे डबक्यातला बेडूक. ती ओरडली असती, हा कागद खोटा, आणि हा मास्तर नाही, आमचा भोंगेवाला आहे, विचारा याला आम्ही काय करतो ते! तंबूत आम्ही काय करतो आणि काय करत नाही, हे तिथे शपथेवर सांगू शकणारा माणूस मी एकटाच होतो. म्हणून तर मी तसं वाचलं.

कोर्टात कागदावर होतं तेच चाललं. अंगठा तुमचाच ना? हो. वाचून दाखवलं ना? हो जी, मास्तरानं वाचून दाखवलं. मग झालं. चौघींची रवानगी नागपूरला सुधारगृहात झाली. मला साक्षीला बोलावणं आलंच नाही, कारण भांडणच उरलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. लग्नात सासऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं की आमच्या जावयानं पोलिसांना मदत केली, गावातली घाण काढली. मी हार घालून उभा होतो.

तंबू मोडलाच होता. सासऱ्यांना वाटे जावयाची नोकरी कच्ची आहे, ती पक्की करावी. त्यांनी खटपट केली आणि मला खरोखरच प्रौढ शिक्षणाचा वर्ग मिळाला. नालवाडीत, एका देवळाच्या ओसरीवर, बायांचा, दुपारी तीन ते पाच. असा मी मास्तर झालो. ऐंशीनंतरची गोष्ट. वर्गात वीस बाया लागत. भाजी विकणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, सुईण एक. मी चांगला शिकवत असे, हे मात्र खोटं नाही. 'क' असा म्हणायचो की ओसरीवरची कबुतरं कळसावर जात.

नाव नोंदवायच्या अखेरच्या दिवशी विसावी बाई आली. मी हजेरीपुस्तकात मान घालून विचारलं, नाव? तिनं सांगितलं. आवाज पुलगाववालीचा होता; मी मान वर केली नाही. वय? सांगितलं. पुढचा रकाना होता, व्यवसाय.

"तुमीच लिवा," ती म्हणाली. "तुमाले येते."

मी 'घरकाम' लिहिलं.

सुधारगृहातून तिला सुटून बरेच दिवस झाले होते. इथली तिची खोली गेली होती, पेटी घरमालकानं नालीच्या कडेला ठेवली होती. आता ती एका दाळ मिलमध्ये झाडलोट करी, तिथेही कुणीतरी तो शब्द तिच्या मागोमाग पोचवला होताच. हे मला दुसऱ्या बायांकडून कळलं. ती माझ्याशी अक्षरांपलीकडे बोलत नसे. रोज यायची, मागे बसायची. मला मास्तर म्हणायची, आणि त्या 'मास्तर'मधे टोमणा आहे का ते मी रोज शोधायचो. नव्हता. तो असता तर मी सुखानं जेवलो असतो.

पाच महिन्यांत ती सगळ्यांच्या पुढे गेली. जोडाक्षरं तिनं सगळ्यांच्या आधी उचलली. एका दुपारी मी म्हणालो, उद्या जिनं तिनं घरचा एखादा कागद आणून वाचून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी कुणी लग्नाची पत्रिका आणली होती, कुणी रेशनचं कार्ड. ती उठली. ब्लाउजमधून एक घडी केलेला कागद काढला. वकिलाकडून आणलेली नक्कल. घड्यांवर फाटलेली, पिठानं चिकटवलेली.

ती वाचू लागली. बोट ठेवून. तंबू. घुंगरांचे जोड चार. आरसा एक. मग तिचं नाव. मग, "धं-दा." थांबली. बोट पुढे नेलं. "वे-श्या-व्य-व-सा-य."



"मास्तर," ती म्हणाली, अगदी शंका विचारावी तशी, "याच्यात नाचनारी कोठी हाय? तुमी वाचलं होतं. मी मंगापासून धुंडून राह्यली. सारा कागद पायला."

मी वाघाची गोष्ट सांगितली ना तुम्हाला? त्याच तोंडातून त्या दिवशी हवासुद्धा निघाली नाही.

तिनं बोट खाली नेलं. माझी सही वाचली. "शि-क्ष-क, प्रौ-ढ..." आणि ती हसली. "तुमचं खोटं होतं थे खरं झालं, मास्तर. बसले ना तुमी खुर्चीवर. माहं खरं होतं, थे कोनाले दिसलं नाई." मग पुढे आली, माझ्या टेबलावरचं हजेरीपुस्तक ओढलं, आपलं नाव शोधलं, 'घरकाम'वर आडवी रेघ मारली आणि वर आपल्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'नाचनारी'. पेन टोपण लावून माझ्या खिशाला अडकवून दिलं. जाऊन जागेवर बसली. सुईण म्हणाली, "माय वो, लिवली का तिनं!" आणि दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, संपलं. भोगून झालं. खरं सांगतो, त्या रात्री मी बायकोलाही सगळं सांगणार होतो.

चार दिवसांनी तपासणीला साहेब आले. बाया आल्या नव्हत्या अजून. साहेबांनी पुस्तक उघडलं, पान उलटत गेले आणि थांबले.

"हे काय? नाचनारी? असल्या बाया बसवता का वर्गात? वर काय सांगू मी?"

मी उभाच होतो. म्हणू शकलो असतो की होय साहेब, नाचतच होती, मी दहा वर्षं पाहिलं आहे, मी तिचा भोंगेवाला होतो. एवढं एकच वाक्य. पंचनाम्याच्या वेळी हुकलेलं, माझ्यापुढे पुन्हा आणून ठेवलेलं.

"चुकून लिहिलं गेलं साहेब," मी म्हणालो. "बाई नवशिकी आहे."

"दुरुस्त करा मग."

मी दुरुस्त केलं. तिचा शब्द पूर्ण खोडला, वर कागदाचा तुकडा डकवला, आणि माझ्या वळणदार अक्षरात 'घरकाम' लिहिलं.

साहेब गेल्यावर ती आली. सगळ्यांच्या आधी यायची सवय होती तिला. पुस्तक टेबलावर उघडंच होतं, खळ ओली होती. तिनं वाकून वाचलं. या वेळी तिला कुणाला विचारावं लागलं नाही. बोटही ठेवावं लागलं नाही. मीच शिकवलं होतं.

तिनं पाटी टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेली. मी हाक मारली नाही. माझा आवाज नालवाडीच काय, पुलगावपर्यंत गेला असता.

वर्गाला वीस बाया लागतात, एकोणीस झाल्या तर वर्ग बंद. म्हणून वर्ष संपेपर्यंत तिच्या नावापुढे मीच रोज हजेरी लावत राहिलो.